गाडी क्रमांक पाच अंकी झाला तेव्हा : माहितीकोशातील बदल आणि संचित कार्यविधी

मनमाड, जालना, परभणी, नांदेड या मार्गावरील प्रवाशांना सिकंदराबाद हे नाव नवे नाही. दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना २ ऑक्टोबर १९६६ रोजी झाली, तेव्हापासून तिचे मुख्यालय या शहरात आहे आणि नांदेड विभागाचा कारभारही याच मुख्यालयाच्या अखत्यारीत चालतो. मुंबईहून मराठवाड्यातून सिकंदराबादेकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस अनेक वर्षे ७०५७ या क्रमांकाने ओळखली जात असे. परतीची गाडी ७०५८. दिनांक २० डिसेंबर २०१० पासून याच गाड्या १७०५७ आणि १७०५८ झाल्या. गाडी तीच, डबे तेच, वेळही जवळपास तीच. क्रमांकाच्या आधी केवळ एक अंक वाढला. देशातील सर्व प्रवासी गाड्यांच्या बाबतीत त्या दिवशी असाच बदल अमलात आला. गाड्यांची संख्या वाढत गेल्याने चार अंकांत नवे क्रमांक देणे कठीण झाले होते, हे त्यामागील कारण होते.

फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ होती. वेळापत्रकाचे पुस्तक नवे छापले गेले, फलक रंगविले गेले, एवढेच त्याला दिसले. परंतु क्रमांक ज्या संगणकात साठविला जातो त्याच्या दृष्टीने एक अंक वाढणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. चार अंकांसाठी राखून ठेवलेल्या जागेत पाच अंक मावत नाहीत. जागा रुंद केली तरी प्रश्न संपत नाही. कारण त्या जागेत चारच अंक असतील असे गृहीत धरून लिहिलेल्या सूचना अन्यत्र विखुरलेल्या असतात. या लेखाचा विषय त्या सूचना हा आहे.

सिकंदराबाद आणि संगणकीय आरक्षण यांचा संबंध जुना आहे. रेल्वेतील पहिले संगणकीय आरक्षण १९८०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले. तथापि एका शहरातून दुसऱ्या शहरातील गाडीचे आरक्षण करता यावे म्हणून रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने जी 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली तयार केली, ती प्रथम १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे बसविण्यात आली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांस जोडली गेली. आज नांदेडच्या खिडकीवर बसलेला कर्मचारी चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट देऊ शकतो, त्याचे मूळ या जोडणीत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक साधे उदाहरण घेणे सोयीचे होईल.

एखाद्या शाळेत हजेरीची छापील नोंदवही आहे. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात जन्मतारीख आणि चौथ्यात महिन्याचे हजर दिवस. मुख्याध्यापकांनी लेखनिकासाठी एक कायम सूचना लिहून कपाटाच्या दारावर चिकटविली आहे : 'दर महिनाअखेर चौथ्या रकान्याची बेरीज करून तालुक्यास कळवावी.' पुढील वर्षी वरिष्ठ कार्यालयाने नोंदवहीचा नमुना बदलला आणि नावानंतर आईचे नाव हा नवा रकाना घातला. आता चौथ्या रकान्यात जन्मतारखा आहेत. दारावरील सूचना मात्र जशीच्या तशी आहे. लेखनिक विचारी असेल तर थांबून विचारील. यंत्रवत काम करणारा असेल तर जन्मतारखांची बेरीज करून पाठवील, आणि तालुक्यातील कोणीतरी ती पुढे जिल्ह्यासही कळवील!

संगणकीय माहितीकोशात नोंदवहीच्या जागी तक्ता असतो. त्यात रकाने व ओळी असतात. कोणता रकाना, कोणत्या नावाचा, किती रुंदीचा, त्यात अंक राहणार की अक्षरे, तो रिकामा ठेवता येतो की नाही, या सर्व ठरावांना मिळून माहितीकोशाचा आराखडा म्हणतात. कपाटाच्या दारावरील कायम सूचनेच्या जागी असते ती संचित कार्यविधी. संगणक विभागातील मंडळी तिला 'स्टोअर्ड प्रोसिजर' म्हणतात. वारंवार लागणारे काम, उदाहरणार्थ रिकाम्या शायिका मोजणे किंवा प्रतीक्षायादीतील नाव वर सरकविणे, प्रत्येक खिडकीवर स्वतंत्रपणे न लिहिता एकदाच लिहून माहितीकोशाच्या पोटात ठेवले जाते आणि नावाने हाक मारली की ते पार पडते. बँका, वीज कार्यालये, भूमी अभिलेख यांसारख्या ठिकाणी ही पद्धत सर्रास वापरली जाते. रेल्वेच्या आरक्षण प्रणालीची आतील रचना वेगळ्या धर्तीची आहे. तेव्हा पुढे दिलेले तक्ते आणि कार्यविधी केवळ विषय समजावा म्हणून कल्पिलेले आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. गाड्यांचे क्रमांक व तारखा मात्र खऱ्या आहेत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आरक्षण किती दिवस आधी करता यावे याची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. प्रवाशांच्या दृष्टीने हा बदल गाडी क्रमांकाच्या बदलापेक्षा किती तरी मोठा होता. पण हा आकडा एखाद्या तक्त्यातील एका चौकटीत लिहिलेला असेल, तर १२० खोडून ६० लिहिले की काम झाले. तक्त्याची रचना बदलत नाही. याउलट गाडी क्रमांकाचा चौथ्यावरून पाचव्या अंकाकडे झालेला प्रवास हा रचनेतील बदल होय. नियमाचे महत्त्व आणि आराखड्यावरील परिणाम यांचा परस्परांशी असा फारसा संबंध नसतो, आणि आदेश काढणाऱ्या कार्यालयास याची कल्पना बहुधा नसते.

आता कार्यविधी निरुपयोगी कशी ठरते ते पाहू. कार्यविधी माहितीकोशात ठेवताना संगणक ती एकदा वाचून तपासतो आणि आपल्या सोयीच्या रूपात उतरवून ठेवतो. ओरॅकल या प्रचलित माहितीकोशात याच वेळी आणखी एक नोंद केली जाते : अमुक कार्यविधी अमुक तक्त्यावर अवलंबून आहे. पुढे कोणी त्या तक्त्याचा आराखडा बदलला की त्यावर विसंबलेल्या कार्यविधींवर 'अवैध' असा शिक्का बसतो. एका कार्यविधीने दुसरीला हाक मारलेली असेल, तर शिक्क्यांची ही साखळी पुढेपर्यंत जाते. याचा अर्थ त्या सर्व बिघडल्या असा नव्हे. ज्या पायावर त्या तपासल्या होत्या तो बदलला आहे, म्हणून पुन्हा तपासणे आवश्यक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी हाक येताच ओरॅकल अवैध कार्यविधी आपण होऊन पुन्हा तपासतो. सर्व जुळले तर शिक्का निघतो आणि खिडकीवरील माणसाला काही कळतही नाही. एखादा रकाना नाहीसा झाला असेल किंवा त्याचे नाव बदलले असेल, तर मात्र काम तेथेच थांबते आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो. पूर्वी तक्त्यात कोठेही बदल झाला तरी सर्व अवलंबित कार्यविधी अवैध ठरत. २००७ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून कार्यविधी कोणकोणते रकाने वापरते याचीही नोंद राहू लागली. त्यामुळे तिच्याशी संबंध नसलेला एखादा रकाना वाढला, तर ती अवैध ठरण्याचे प्रसंग कमी झाले.

सर्वच माहितीकोश इतके दक्ष नाहीत. पोस्टग्रेसमध्ये कार्यविधीचा मजकूर पुष्कळदा नुसता मजकूर म्हणूनच ठेवला जातो. तिने वापरलेला रकाना कोणी काढून टाकला तरी त्या वेळी कोणी हरकत घेत नाही. चूक उघडकीस येते ती पुढच्या वापराच्या वेळी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही अवैधतेचा शिक्का मारण्याची अशी रीत नाही. वर्षातून एकदाच, मार्चअखेरीस लागणारी कार्यविधी असेल तर जूनमध्ये झालेली चूक मार्चमध्ये, नेमक्या गर्दीच्या वेळी समोर येते. तोपर्यंत जूनमध्ये बदल करणारा कर्मचारी बदलून गेलेला असण्याचाही संभव असतो.

येथवर सांगितलेले दोष मोठ्याने ओरडणारे आहेत. काम थांबते, रांग वाढते, लोक रागावतात. पण काहीतरी बिघडले आहे हे सर्वांना कळते. अधिक घातक दोष तो, जो ओरडत नाही.

एका कार्यविधीने गाडी क्रमांकासाठी स्वतःजवळ चार अक्षरांची जागा ठेवली आहे अशी कल्पना करा. तक्त्यातील रकाना पाच अक्षरांचा करण्यात आला, पण या कार्यविधीकडे पाहण्याचे राहून गेले. ओरॅकलमध्ये चारच्या जागेत पाच अक्षरे भरू लागताच ती त्रुटी दाखवून थांबेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र कार्यविधीला दिलेले मूल्य ठरलेल्या रुंदीपेक्षा लांब असेल, तर शेवटची अक्षरे गुपचूप कापली जातात. १७०५७चे होते १७०५. परतीच्या १७०५८चेही होते १७०५. मुंबईहून येणारी देवगिरी आणि मुंबईस जाणारी देवगिरी या दोन्ही गाड्या या कार्यविधीच्या लेखी एकच झाल्या, आणि त्या क्रमांकाची गाडीच तक्त्यात नसल्याने उत्तर आले : 'आरक्षित प्रवासी शून्य.' शून्य हे उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असते. ज्या वृद्धाला उपचारासाठी परभणीहून सिकंदराबादेस न्यायचे आहे, त्याच्या मुलाच्या हातात तिकीट आहे आणि यादीत नाव नाही; खिडकीवरील कर्मचाऱ्याला पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही, म्हणून तो तिकिटावर संशय घेतो, संगणकावर नाही. असा प्रसंग येऊ नये यासाठीच ही सारी खबरदारी.

दुसरा मूक दोष याहून सूक्ष्म आहे. तो रुंदीचा नसून अर्थाचा आहे. जुन्या चार अंकी पद्धतीत अतिजलद गाडीचा क्रमांक २ने सुरू होत असे आणि पुढचा अंक रेल्वेचा विभाग दाखवी. हैदराबादहून नागपूरमार्गे दिल्लीस जाणारी आंध्र प्रदेश एक्स्प्रेस, म्हणजे पुढे तेलंगणा एक्स्प्रेस झालेली गाडी, २७२३ या क्रमांकाची होती. समजा, अतिजलद अधिभार आकारणाऱ्या कार्यविधीत 'पहिला अंक २ असल्यास अधिभार घ्यावा' असे लिहिले आहे. २० डिसेंबर २०१० रोजी ही गाडी १२७२३ झाली. पहिला अंक आता १. कार्यविधी वैध आहे, रुंदीही सुधारली आहे, ती विनातक्रार चालते आणि एकाही अतिजलद गाडीवर अधिभार घेत नाही. कोणी चतुर कर्मचारी 'पहिला' या शब्दाच्या जागी 'दुसरा' असे करील. त्याने १२ आणि २२ने सुरू होणाऱ्या गाड्यांची सोय होईल. पण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या विशाखापट्टणम–सिकंदराबाद वंदे भारत गाडीला क्रमांक मिळाला २०८३३. दुसरा अंक शून्य. गाडी अतिजलद आहे की नाही हे तिच्या क्रमांकावरून ओळखण्याऐवजी त्यासाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना ठेवला असता, तर हा घोळ मुळातच झाला नसता. क्रमांकाच्या पोटात अर्थ भरून ठेवण्याची सवय कार्यालयांत फार जुनी आहे. जावक क्रमांकापासून रेशनकार्डापर्यंत ती दिसते आणि माणसाच्या डोळ्याला ती सोयीचीही असते.

तिसरा प्रकार शून्याचा. नव्या पद्धतीत पहिला अंक गाडीचा प्रकार सांगतो : १ आणि २ लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी, ५ सवारी गाड्यांसाठी, ९ मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी, ४ सिकंदराबाद, चेन्नई, दिल्ली आदी शहरांच्या उपनगरी गाड्यांसाठी आणि ० विशेष गाड्यांसाठी. आता गाडी क्रमांकाचा रकाना 'अंक' या प्रकारचा ठेवावा की 'अक्षरे' या प्रकारचा? क्रमांक म्हणजे अंकच, असे कोणासही वाटेल. परंतु अंक म्हणून साठविताना आरंभीचे शून्य गळून पडते. २०२० साली साथीच्या काळात नेहमीच्या गाड्या विशेष म्हणून चालविल्या गेल्या, त्या वेळी तेलंगणा एक्स्प्रेसचा क्रमांक ०२७२३ असा होता. शून्य गळाल्यास उरतात २७२३, म्हणजे नेमका २०१०पूर्वीचा जुना क्रमांक! ज्या माहितीकोशात जुन्या नोंदीही जपून ठेवल्या आहेत, तेथे ही दोन नावे एकमेकांत मिसळण्यास एवढे पुरे आहे. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नसते, ते अक्षरे म्हणून ठेवावेत, हा नियम या एका उदाहरणावरून पटावा. पिनकोड, दूरध्वनी क्रमांक, सर्व्हे नंबर यांनाही तो लागू आहे.

नवा रकाना वाढविणे हा बदल सर्वांत निरुपद्रवी समजला जातो. २१ एप्रिल २०१६ पासून पाच वर्षांवरील व बारा वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी की नको हे विचारले जाऊ लागले. हवी असल्यास पूर्ण भाडे, नको असल्यास अर्धे. त्याआधी अर्ध्या भाड्यातही शायिका मिळत असे. समजा, तक्त्यात 'मुलास शायिका' हा रकाना वाढविला. जुन्या सर्व ओळींत तो रिकामा राहणार. शायिका मोजणाऱ्या कार्यविधीने 'ज्या ओळीत हवी असे लिहिले आहे त्या मोजाव्या' असे म्हटले, तर बदलापूर्वी तिकीट काढलेली मुले गळतील, वास्तविक त्यांना शायिका दिलेली आहे. 'नको असे लिहिलेल्या ओळी वगळून उरलेल्या मोजाव्या' असे म्हटले तरीही ती गळतील; कारण माहितीकोशाच्या व्यवहारात रिकामी जागा म्हणजे होय नव्हे आणि नाहीही नव्हे, आणि तुलनेत ती दोन्ही बाजूंनी वगळली जाते. म्हणून नवा रकाना मागतानाच, जुन्या नोंदींत त्याचे मूल्य काय मानावे हे ठरवून द्यावे लागते. हा निर्णय संगणक विभागाचा नसून नियम करणाऱ्या कार्यालयाचा आहे. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा तहसिलीच्या विवरणपत्रात 'आणखी एक रकाना घालावा' असे पत्र पाठविणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा.

स्थानकांच्या संकेताक्षरांचेही असेच. देवगिरीच्या मार्गावरील औरंगाबाद स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले आणि ए-डब्ल्यू-बी या तीन अक्षरी संकेताच्या जागी सी-पी-एस-एन हा चार अक्षरी संकेत आला. हा बदल मूल्याचा आहे, आराखड्याचा नव्हे. पण कार्यविधीच्या मजकुरातच जुना संकेत लिहून ठेवलेला असेल, तर तीही न ओरडता चुकते.

बदल करावयाचा तर कसा करावा, याविषयी अनुभवी मंडळींची रीत साधारणपणे अशी असते. प्रथम, ज्या रकान्यास हात लावावयाचा त्यावर कोणकोणत्या कार्यविधी अवलंबून आहेत याची यादी माहितीकोशाकडूनच मागवावी. ही यादी पूर्ण असते असे मात्र समजू नये. काही कार्यविधी आज्ञेचे वाक्य आयत्या वेळी तुकडे जोडून तयार करतात. त्यांत कोणता रकाना येणार हे माहितीकोशाला आधी कळू शकत नाही. तेथे सर्व मजकुरात त्या रकान्याचे नाव शोधणे, हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग उरतो. कार्यविधी लिहितानाच रकाने क्रमाने नव्हे तर नावाने सांगितले आणि 'सर्व रकाने' अशी मोघम मागणी टाळली, तर दारावरील सूचनेसारखी फसगत होत नाही. रुंदीच्या बाबतीत ओरॅकलमध्ये 'त्या रकान्याचा जो प्रकार असेल तोच' असे लिहिण्याची सोय आहे. तसे केले असता रकाना रुंदावल्यावर कार्यविधी पुन्हा तपासली जाते आणि तिची जागाही आपोआप रुंदावते.

जुना रकाना एका झटक्यात न बदलता त्याच्या शेजारी नवा रकाना उभारून काही काळ दोन्ही ठेवणे, हा सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणता येईल. रेल्वेलाही २०१० साली दोन्ही क्रमांकांची ओळख ठेवणे भाग होते, कारण २० डिसेंबरपूर्वी काढलेल्या पुढील तारखांच्या तिकिटांवर जुनेच क्रमांक होते आणि ती तिकिटे खरी होती. जुन्या कार्यविधींना तक्त्याचे जुने रूप दाखविणारी एक 'दर्शिका' मध्ये उभी करता येते; तिच्यातून पाहिले असता तक्ता पूर्वीसारखाच दिसतो आणि कार्यविधी एकेक करून सवडीने बदलता येतात. प्रत्यक्ष बदल वर्दळ कमी असताना करावा, तत्पूर्वी तोच बदल माहितीकोशाच्या प्रतीवर करून पाहावा, आणि बदल मागे घेण्याची आज्ञाही आधीच लिहून तयार ठेवावी.

चाचणीसाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक जुनी नोंद, एक नवी, एक शून्याने सुरू होणारी आणि एक रिकाम्या रकान्याची, अशा चार ओळी घेऊन प्रत्येक कार्यविधीचे उत्तर आधी कागदावर हाताने काढून ठेवावे. मग यंत्राचे उत्तर त्याशेजारी मांडावे. बदलानंतर अवैध कार्यविधींची यादी कोरी आली म्हणजे काम झाले असे समजून घरी जाण्याचा मोह होतो. ती यादी कोरी असण्याचा अर्थ एवढाच की, यंत्राला ज्या चुका ओळखता येतात त्या आता उरलेल्या नाहीत. ७०५७ आणि १७०५७ ही एकाच गाडीची दोन नावे आहेत, ही गोष्ट यंत्राला कोणीतरी सांगावी लागते.